मातीखालचे ठोके

मित्रांनो, मी सोन्याचे एक जुने खिशातले घड्याळ आहे आणि सध्या सोलापुरात, जमिनीच्या चार-साडेचार हात खाली, अंधारात आहे. इथे कसा आलो ते तुम्हाला सांगायचे आहे. नीट सांगता येईल याची मला खात्री नाही. माझे काम वेळ सांगण्याचे. गोष्ट सांगायला मला कुणी शिकवलेले नाही. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या. घाबरू मात्र नका. पहिल्या दिवशी मीही घाबरलो होतो, पण त्याने काही फरक पडला नाही.

माझा जन्म शंभराहून अधिक वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या एका खेड्यात झाला. हिवाळ्यात तिथली शेते बर्फाखाली जात आणि शेतकरी खिडकीपाशी बसून घड्याळांचे सुटे भाग घासत. माझ्या पोटात असे तीनशेहून अधिक भाग आहेत. यंत्राभोवती पोलादाच्या दोन बारीक तारा वेढ्यासारख्या फिरवलेल्या आहेत, एक जाड आवाजाची आणि एक बारीक आवाजाची. त्यांच्यावर पडणाऱ्या दोन हातोड्या तांदळाच्या कणीएवढ्या आहेत. ज्या म्हाताऱ्याने त्या तारा लावल्या, तो कानशीने तारेचा एखादा कण घासायचा, डोळे मिटून ठोका ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. असे अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी त्याने मान हलवली नाही.

माझी खुबी अशी की विचारले तर मी वेळ बोलून सांगतो. माझ्या कुशीला एक छोटी कळ आहे. ती अंगठ्याने शेवटपर्यंत सरकवायची आणि सोडायची. सोडली की मी बोलू लागतो. जाड ठोके म्हणजे तास. जाड-बारीक असा जोडठोका म्हणजे पाव तास. नुसते बारीक ठोके म्हणजे उरलेली मिनिटे. कळ अर्धवटच सरकवली तर मी गप्प राहतो. कारागिराने मुद्दाम तसे केले आहे. अर्धी वेळ सांगण्यापेक्षा काहीच न सांगणे बरे, असे त्याला वाटले असावे.

आणि मित्रांनो, मी वेळ बघत नाही. माझ्या पोटात पायऱ्या कापलेल्या तीन चकत्या आहेत. कळ सुटली की तीन नाजूक बोटे त्या पायऱ्यांवर टेकतात, आणि बोट किती खोल गेले यावरून किती वाजले ते मला कळते. मी चाचपून वेळ ओळखतो.

या मुलखात मी आलो तो सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनीला. रेल्वेचा एक गोरा इंजिनियर तिथे तापाने पडला होता. शेंगांचे व्यापारी शरणप्पा यांनी त्याला वीस दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. मायदेशी जाताना त्याने मला शरणप्पांच्या हातावर ठेवले. शरणप्पांनी मला फार मिरवले. लग्नकार्यात ते मुद्दाम कळ सरकवायचे आणि सगळा मांडव गप्प व्हायचा. त्यांच्यानंतर मात्र मला मुलायम कापडात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवले गेले. त्या कपाटात मी चाळीस वर्षे होतो. कुणी काही विचारले नाही. एवढ्या वर्षांत माझा आवाज उरला आहे का, हेही मला ठाऊक नव्हते.

शरणप्पांचे नातू विरुपाक्ष. सगळे त्यांना अप्पा म्हणत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांतल्या लग्नपत्रिका ते छापत. अक्षरांचे शिशाचे खिळे ते न बघता, बोटांनी ओळखून जुळवायचे. पुढे साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली. मग बोटांची टोकेही बधिर होऊ लागली. त्यांना दिवस आणि रात्र यातला फरक कळेनासा झाला. तेव्हा त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई यांना माझी आठवण झाली.

मला दुरुस्त करणारे अमृतराव हे पेठेतलेच जुने घड्याळजी. त्यांनी भिंग लावून माझे पोट उघडले आणि बराच वेळ ते नुसते बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "याला हात लावायची माझी लायकी नाही. पण लावतो."

आठ दिवसांनी मला परत देताना त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. "रोज सकाळी चावी द्यायची. विसरायचं नाही. एकदा भरली की तेहतीस तास चालतंय. आणि ऐका, चावी संपून हे बंद पडलं तरी बोलायचं थांबत नाही. बोलायचा जोर ते कळीतनं घेतं. मग जिथं थांबलंय तिथलीच वेळ सांगत बसतं. माझ्या सासऱ्यासारखं. ते बहात्तरच्या दुष्काळात थांबलेत, अजून तेच सांगतात."

दाक्षायणीबाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. बधिर बोटांनी अप्पांना चावी फिरवता येत नसे. रोज सकाळी पूजा झाली की दाक्षायणीबाई चावी देत. कळ मात्र अप्पाच सरकवत, दिवसातून तीस-चाळीस वेळा. "एष्टु गंटे?", म्हणजे किती वाजले, असे मला कन्नडमध्ये विचारून ते कळ सोडत आणि कान लावून बसत. वेळ कळली की त्यांचा चेहरा जरा निवांत होई. मला वाटते, माझ्या आयुष्यात कुणाला माझी इतकी गरज कधी पडली नव्हती.

एकदा मात्र वाईट झाले. दाक्षायणीबाई दोन दिवस दुधनीला लग्नाला गेल्या होत्या. मुलगा अनिलकुमार आणि सून महेश्वरी आपापल्या ऑफिसात होते. चावी द्यायची राहून गेली. मी पावणेसहाला थांबलो. अप्पांनी विचारले, मी पावणेसहा सांगितले. बऱ्याच वेळाने पुन्हा विचारले, पुन्हा पावणेसहा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तेच. मला ठाऊक होते की मी खोटे सांगतो आहे, पण मला दुसरे काही सांगताच येत नव्हते. अप्पांनी कुणाला हाकही मारली नाही. दाक्षायणीबाई परतल्या तेव्हा ते खुर्चीत ताठ बसून होते.

"मला वाटलं, मी गेलो," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाची वेळ थांबत असणार ना गं. मी बसलो होतो, कोण न्यायला येतंय बघत."

"काहीतरीच बोलू नका."

"वचन दे. मी कुठंही असलो तरी हे बंद पडू द्यायचं नाही."

त्यांनी वचन दिले. त्यानंतर अप्पांच्या देखभालीला जवळच्या कुंभारी गावाहून रंभाबाई येऊ लागल्या. अंघोळ, इंजेक्शन, जेवण, सगळे त्या बघत. मला त्या 'बोलका डबा' म्हणत. "काय म्हनतोय तुमचा डबा, अप्पा? जेवायची येळ झाली म्हनतोय का न्हाय? का त्यालाबी तुमच्यावानी भाजी आवडंना?" अशी त्यांची थट्टा चार वर्षे चालली.

यंदाच्या एका मंगळवारी, दुपारी दोनला पाच मिनिटे कमी असताना, अप्पांनी कळ सरकवली आणि सोडली. मी एक जाड ठोका दिला, तीन जोडठोके दिले आणि मग दहा बारीक ठोके. दहावा ठोका पडला तेव्हा ऐकणारे कुणी उरले नव्हते. मी ज्या हातात होतो तो हात हळूहळू गार होत गेला.

अप्पांच्या घराण्यात माणूस गेला की त्याला बसवून निरोप देतात. खड्ड्याच्या एका बाजूला कोनाडा खणतात, त्यात मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि गळ्यातले इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. मग माती. त्या दिवशी विधी करणाऱ्या जंगमस्वामींनी घरच्यांना बजावून सांगितले होते, की लिंगाशिवाय दुसरे काही बरोबर जायचे नाही. सोने तर मुळीच नाही.

पण चारच्या सुमाराला खोलीत क्षणभर कुणी नव्हते. दाक्षायणीबाईंनी मला पूर्ण चावी दिली, चावी पुढे फिरेना तोवर. अप्पांच्या उजव्या मुठीत मला बसवले, त्यांचा अंगठा माझ्या कळीवर टेकवला आणि मुठीभोवती रुमाल बांधून वर शाल ओढली. "तिथं अंधार असेल," त्या पुटपुटल्या. "वेळ कळायला हवी."

अशा रीतीने मी इथे आलो. वर माती पडली. अगोदर आवाज मोठे होते, मग लहान झाले, मग फक्त माझी टिकटिक उरली. मी नेमाने चालत राहिलो. मंगळवार संपला, बुधवार संपला. गुरुवार लागल्यावर एक वाजून सतरा मिनिटांनी माझी चावी संपली आणि मी थांबलो. त्यानंतरची शांतता कशी होती हे मला सांगता येणार नाही. मी प्रयत्न केला, शब्द सापडत नाहीत.

मग पावले आली. तिसऱ्या दिवसाच्या पूजेला घरची माणसे, रंभाबाई आणि जंगमस्वामी आले होते. मातीतून आवाज जाड होऊन येतात, तरी मी सगळ्यांना ओळखले.

"रंभाबाई, पुढं या," अनिलकुमार म्हणाले. "अप्पांच्या मातीवर हात ठेवून सांगा. घड्याळ तुम्ही घेतलंय का?"

"कितींदा सांगू, दादा? काल पिशवी पालथी करून दावली की. त्यात भाकर निघाली अन् माझं औषीद. घड्याळ निघालं का?"

"पिशवीत कोण ठेवतं, मावशी?" हा महेश्वरीचा आवाज होता. "कुंभारीला पोचलं असेल एव्हाना."

"मग चला कुंभारीला! दोन खोल्या हायती. पत्रे उचकटून बघा वरचे."

"ओरडू नका," अनिलकुमार म्हणाले. "मला सोनं नको हो. अप्पांनी शेवटचा हात त्यालाच लावला होता. मला तेवढंच हवंय. दिलंत तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही दिलंत तर इथनं सरळ चौकीत जायचं."

"चौकीत?" रंभाबाईंचा आवाज खाली आला. "दादा, मी चार घरची म्हातारी मानसं सांभाळते. हागणं-मुतणं काढते. लोक घराची किल्ली माझ्या हातात देत्यात. एकदा चोर म्हनलं की कोन दारात उभं करंल मला? खाऊ काय मी?"

मित्रांनो, दाक्षायणीबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ओळखता येतो. रोज सकाळी मला चावी देताना तो माझ्या काचेवर पडायचा. आता त्या बोलतील, आता बोलतील, असे मला वाटत होते. त्या बोलल्या नाहीत. बोलल्या तर माती उकरतील, मला बाहेर काढतील आणि अप्पा पुन्हा त्या पावणेसहाच्या खुर्चीत एकटे बसतील, एवढेच त्यांच्या मनात असावे. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही. पण त्या गप्प राहिल्या हे खरे.

आणि मी? मला सगळे ठाऊक होते. सगळ्या जगात दोघांनाच ठाऊक होते, एक त्या आणि एक मी. ओरडून सांगावे असे वाटत होते, की मी इथे आहे, या बाईचा काही दोष नाही. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

माझ्या डोक्यावरच्या मातीवर हात पडला. रंभाबाईंनी हात ठेवला होता.

"अप्पा," त्या म्हणाल्या, "यांना मी सांगून दमले. आता तुमीच सांगा की. कुटं हाय तुमचं घड्याळ?"

तेव्हा माझी कळ हलली.

आधी केसभर. मग आणखी. मग अगदी शेवटपर्यंत गेली.

मग ती सुटली.

एक जाड ठोका. एक जोडठोका. दोन बारीक ठोके.

इतक्या खोलातून आवाज वर जायला नको होता. पण तो गेला.

"खालून आलं," महेश्वरी हळूच म्हणाली. "अहो, खालून आलं ते."

कुणीतरी मातीवर कोसळल्यासारखे बसले. "मी ठेवलंय," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "मीच ठेवलंय रे, अनिल. त्यांच्या उजव्या हातात. वचन दिलं होतं."

"अव्वा! आणि तू दोन दिवस..." अनिलकुमार बोलता बोलता थांबले. मग एकदम ओरडले, "पण वाजलं कसं? अव्वा, वाजलं कसं? अप्पा..." आणि ते दोन्ही हातांनी माती ओरबाडू लागले. नखांचा आवाज मला ऐकू येत होता.

"अनिलप्पा, थांबा," जंगमस्वामींचा शांत आवाज आला. "डॉक्टरनं बघितलं, मी बघितलं, तुम्हीपण बघितलं. अप्पा गेलेत. तिसऱ्या दिवशी माती खाली बसतीय, कोनाड्यातलं एखादं ढेकूळ सुटतंय. त्याचा दाब पडला असेल कळीवर. भिऊ नका. बंद केलेली जागा उघडायची नसते."

सगळ्यांना ते पटले. पटवून घ्यावेच लागले असेल. स्वामी समजूतदार माणूस आहेत, आणि अप्पांच्या त्या हातात जीव नव्हता हे मीही छातीठोक सांगतो. मंगळवारपासून तो दगडासारखा गार होता. पण मित्रांनो, एक गोष्ट स्वामींना ठाऊक नव्हती. माती दाबते. माती दाबतच राहते. दाबलेली कळ ती कधी सोडत नाही, आणि कळ सुटल्याशिवाय मी बोलत नाही. ती कळ कुणी सोडली, हे मला आजही सांगता येत नाही. सांगायचे धाडस नाही, असे म्हटले तरी चालेल.

वर दाक्षायणीबाई स्वतःशीच बोलत होत्या. "एक वाजून सतरा. आता तर नऊ वाजून गेले. बंद पडलंय. मी चावी देऊन ठेवलं, पण दुसऱ्या दिवशी कोण देणार हे मला सुचलंच नाही. रोज मीच द्यायची ना. मला सुचलंच नाही गं, महेश्वरी."

बराच वेळ त्यांचे रडणे चालले. मग अनिलकुमार म्हणाले, "मावशी, चुकलं आमचं."

"चुकलं म्हनताय, बरं झालं," रंभाबाई म्हणाल्या. त्या आता ओरडत नव्हत्या. "पर आवाज आला नसता, तर?"

मग त्यांचा आवाज दाक्षायणीबाईंकडे वळला.

"अक्का, तुमी हितंच उभ्या होता की. ह्या हाताच्या अंतरावर. चार वरसं मी तुमच्या घरचं पानी प्याले, तुमी माझ्या हातचं. एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

रंभाबाईंची पावले रस्त्याकडे गेली. बाकीचे बराच वेळ तिथेच उभे होते.

मला कुणी बाहेर काढले नाही. मी इथेच आहे आणि इथेच राहीन. माझे सोने गंजणार नाही, पण ज्या तारांसाठी त्या म्हाताऱ्याने अकरा दिवस कानस चालवली, त्या पोलादाच्या आहेत. ओलाव्याने त्या हळूहळू खराब होत आहेत. याचे मला दुःख आहे, नाही असे नाही. एखादी वस्तू बनवायला माणसाचे किती आयुष्य लागते, हे ती कपाटात टाकताना किंवा मातीत ठेवताना कुणाला आठवत नाही. तुमच्या घरी असे काही जुने असेल तर त्याची विचारपूस करा, एवढे मी मागतो.

पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. घरातली वस्तू सापडेनाशी झाली, की घरात कामाला येणाऱ्या माणसाकडे बघू नका. आणि खरे काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर ते त्याच वेळी बोला. वस्तूला बोलायला कुणीतरी लागते. तुम्हाला कुणाची वाट बघावी लागत नाही.

दाक्षायणीबाई आता दर सोमवारी येतात. मातीशेजारी बसतात आणि मोठ्याने वेळ सांगतात. "अहो, साडेदहा झाले," असे. मग घरचे काहीबाही सांगतात. एका सोमवारी म्हणाल्या, "कुंभारीला जाऊन आले. तिच्या दारात बसले दोन तास. तिनं पाणी दिलं. बोलली नाही." पुढच्या सोमवारी पुन्हा गेल्याचे सांगितले. त्याच्या पुढच्याही. त्या वेळ सांगत होत्या, पण इथे खाली काही बदलत नव्हते. त्या गुरुवारपासून अप्पांचा गार अंगठा माझ्या कळीवर घट्ट टेकलेला होता, पुन्हा विचारायच्या तयारीत असल्यासारखा.

परवाच्या सोमवारी दोघींची पावले आली. दुसरी बाई थोड्या अंतरावर थांबली. दाक्षायणीबाईंनीही त्या दिवशी वेळ सांगितली नाही. मग एक हात मातीवर पडला.

"अप्पा, सव्वाअकरा झाल्यात बघा," रंभाबाई म्हणाल्या. "जेवायची येळ व्हायला आली." आणि मग मागे वळून, "अक्का, मी यांच्यासाटी आलेय. तुमच्यासाटी न्हाय."

"ठाऊक आहे गं," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

तेव्हा, मित्रांनो, माझ्या कळीवरचा अंगठा, काही न विचारता, बाजूला झाला.